मागचा टायर जाड करण्याआधी पुढचा बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. २०१८ची पल्सर १५०, मागे ड्रम ब्रेक असलेली, ५२ हजार किलोमीटर चाललेली. रोज चिंचवड ते चाकण, आणि महिन्यातून एकदा बायकोला मागे बसवून ताम्हिणीतून माणगावकडे, गावी. हातात बोनसचे १५ हजार आहेत. मागे १३० चा टायर, बाहेरचा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर, एलईडी आणि जाड हँडल यातलं काय केलं तर गाडी खरंच सुधारेल, असं विचारलंयस. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस, ‘काका, पावसात वळणावर गाडी जरा हलते, पण टायर बदलला की जाईल बहुतेक.’

ही शेवटची ओळ तू पहिली लिहायला हवी होतीस. बाकीची यादी त्यानंतर.

पंचवीसेक वर्षं गॅरेजमध्ये काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘अपग्रेड करायचंय’ म्हणून येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्यांना खरं तर राहून गेलेली दुरुस्ती हवी असते. गाडी नवी होती तेव्हा जशी चालायची तशी आज चालत नाही. ते हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही, आणि मग वाटतं की गाडीतच दम नाही. पन्नास हजार चाललेल्या गाडीला आधी तिचं स्वतःचं मूळ रूप परत मिळवून दे. मग ठरव काय वाढवायचं ते.

तर आधी ते हलणं. गाडी मधल्या स्टँडवर लाव. कुणाला तरी मागचं सीट दाबायला सांग, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता समोर बसून फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरचे, दोन्ही नळे खालून धर आणि पुढे-मागे ढकल. ‘टक टक’ असा ठोका हाताला लागला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मग हँडल एका बोटानं डावी-उजवीकडे फिरव. बरोबर मध्यावर येऊन खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेलेला आहे. तो घट्ट करून उपयोग नाही, बदलावाच लागतो. त्यानंतर मागचं चाक जमिनीवरून मोकळं ठेवून दोन्ही हातांनी आडवं हलवून बघ. तिथे खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग नाहीतर स्विंगआर्मचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं, बुश. या दोन गोष्टी पाच मिनिटांत घरी कळतात, आणि यातली एक जरी ढिली असली तरी जगातला सर्वांत महागडा टायर टाकून गाडी वळणावर हलायची ती हलणारच.

हे सगळं ठीक निघालं, तर मग टायर. आणि इथे माझा पहिला प्रश्न मागच्या टायरबद्दल नाही. पुढचा टायर कधी बदललास?

बहुतेक तू म्हणशील, ‘तो अजून चांगला आहे, नक्षी शिल्लक आहे.’ हाच घोटाळा. मागचा टायर झिजतो म्हणून डोळ्यांना दिसतो. त्याच्यावर इंजिनाची ओढ असते, वजनही जास्त असतं. पुढचा झिजत नाही, तो म्हातारा होतो. रबर उन्हानं, उष्णतेनं, नुसत्या वर्षांनी कडक होत जातं. नक्षी चांगली तीन मिलिमीटर दिसते आणि रबराचं झालेलं असतं प्लास्टिक. अंगठ्याचं नख पुढच्या टायरमध्ये रोवून बघ, आणि मग एखाद्या दुकानात जाऊन नव्या टायरमध्ये रोव. फरक मला सांगावा लागणार नाही. बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर विषय तिथेच संपला.

जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतांश काम पुढचंच चाक करतं. तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, तुझी त्याच्या आधीची. म्हणजे पुढचं चाक लॉक झालं तर सावरायला मध्ये कुणी नाही. जो टायर तुला थांबवतो तो आठ वर्षांचा ठेवून, जो फक्त ढकलतो त्याच्यावर पैसे घालायला निघालायस.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, गुडघा फोडून घेतल्यावर शिकलोय. गॅरेज नुकतंच टाकलं होतं, स्वतःच्या गाडीला मागे नवाकोरा जाड टायर चढवला होता आणि मिरवत होतो. जूनचा पहिला पाऊस, अजून रस्ता नीट ओलाही झाला नव्हता. समोर म्हैस आली, मी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी माझ्याखालून अशी निघून गेली जशी ताटावरून तुपाची वाटी. मागचा नवा टायर बिचारा जागच्या जागी होता, त्याचा काही दोष नव्हता. पुढचा सहा वर्षांचा होता. म्हशीला काही झालं नाही, तिनं बघितलंसुद्धा नाही.

आता टायरवर काय लिहिलेलं असतं ते एकदा समजून घे, म्हणजे दुकानदार काहीही हातात देऊ शकणार नाही. तुझ्या गाडीला पुढे ८०/१००-१७ आणि मागे १००/९०-१७ येतो. मागच्याचं बघू. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ‘५५पी’ असं असतं. त्यातला ५५ हा वजनाचा आकडा, म्हणजे हा टायर २१८ किलो पेलू शकतो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंत. बदलताना हे दोन्ही मूळच्यापेक्षा कमी घ्यायचे नाहीत, जास्त असले तर चालतात. मागे माणूस बसतो, सामान असतं, गावाहून येताना तांदळाचं पोतंही असतं, हे मला माहीत आहे.

अजून एक लंबगोल शिक्का शोध, त्यात चार आकडे असतात. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनला. दुकानात ‘नवीन माल आहे’ म्हणून दिलेला टायर तीन वर्षं गोदामात पडून असू शकतो. मी स्वतः वर्षाच्या आतला मिळाला तर खुश, दीड वर्षाच्या वरचा परत करतो. चकाकी बघू नकोस, ती पॉलिशची असते.

नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात, साइडवॉलवर बाणाचं चिन्ह किंवा इंग्रजी टी-डब्ल्यू-आय ही अक्षरं असतात त्यांच्या रेषेत. रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. आपल्याकडे दुचाकीसाठी कायद्यानं ०.८ मिलिमीटरची मर्यादा आहे. पण माझं विचारशील तर तेवढ्यावर मी कोरड्या रस्त्यावर भाजी आणायला जाईन, ताम्हिणीत पावसात नाही. दीड-दोन मिलिमीटर उरले की पावसाळ्याआधी बदलून टाक. आणि हायवेच्या कडेला गुळगुळीत टायरवर गरम हत्यारानं पुन्हा नक्षी कोरून देणारे बसलेले दिसतात, त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नकोस. ते नक्षी वाढवत नाहीत, उरलेलं रबर कमी करतात.

आता तुझा लाडका १३०.

जाड टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर लागणार, म्हणजे जास्त ग्रिप, असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करून बघू. टायरमधली हवा गाडी पेलते. तू एकटा बसलास की मागच्या चाकावर साधारण १२० किलो येतात असं धर. हवा २८ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो. १२० भागिले २, म्हणजे रस्त्याला टेकलेला भाग ६० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तळहाताएवढा. टायर १०० चा असो की १३० चा, वजन तेच आणि हवा तीच, तर हा तळहातही जवळपास तेवढाच राहतो. फक्त आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. आडव्या आकाराचे फायदे आहेत, पण ते ज्या गाडीचं इंजिन, फ्रेम आणि रिम त्यासाठी बनलीय तिला.

रिमचा मुद्दा तर सगळ्यात मोठा, आणि याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. तुझ्या मागच्या रिमवर आतल्या बाजूला तिची रुंदी कोरलेली असते, २.१५ किंवा २.५० असे इंच. प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंदीची रिम चालते ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. १३०/७०-१७ सारख्या टायरला ३ इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो चढतो, नाही असं नाही, पंक्चरवाला हवा मारून फटकन बसवून देतो. पण त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि सपाट असायला हवा तो माथा उभट, अंड्यासारखा होतो. मग सरळ जाताना मधली चिंचोळी पट्टीच रस्त्याला लागते. तीच झिजते. वळणावर गाडी पटकन झोपत नाही, आणि झोपली की एकदम झोपते. तू दिलेस ३० मिलिमीटर जास्तीचे पैसे आणि वापरतोयस मधली चिंचोळी पट्टी.

वर चेन घासण्याची भीती, मडगार्डला लागण्याची भीती, वाढलेलं वजन आणि कमी झालेलं मायलेज. चौदा-पंधरा पीएस ताकदीचं इंजिन, ते जड चाक फिरवण्यातच दमतं. मायलेज किती पडेल ते गाडीगणिक वेगळं, पण पडतंच, आणि तक्रार घेऊन लोक माझ्याकडेच येतात.

कंपनीनं काय केलं तेही बघ. २०१८ मध्येच पल्सर १५० चा दोन्हीकडे डिस्कवाला प्रकार आला, त्याला पुढे ९०/९०-१७ आणि मागे १२०/८०-१७ दिला. पण नुसता टायर जाड करून विकला नाही. फोर्क जाड घेतले, स्विंगआर्म बदलला, गाडीची लांबीही थोडी वाढवली. ज्यांनी गाडी बनवली त्यांना १२० साठी एवढं करावं लागलं आणि आपण १३० साठी फक्त पाना घेऊन बसतो! शिवाय कंपनीनं दिलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याची हरकत असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, ते वेगळंच.

मग काय घ्यायचं? मागे मूळचंच माप, १००/९०-१७. फारच हौस असेल तर ११०/८०-१७ बघता येईल, त्याचा एकूण व्यास मूळच्यापेक्षा फक्त ४ मिलिमीटरनं कमी भरतो, म्हणजे गियरिंगचा हिशेब बिघडत नाही. पण आधी रिमची रुंदी वाच आणि टायर तक्त्यात बसतो का ते बघ. पुढे ८०/१०० च्या जागी ९०/९०-१७ हा बदल मला मनापासून आवडतो. व्यासात फरक फक्त २ मिलिमीटरचा आणि पुढचं चाक खड्ड्यात जरा शहाण्यासारखं वागतं. इथेही अट तीच, रिमला चालत असेल आणि मडगार्डखाली बोट फिरवण्याइतकी जागा उरत असेल तरच. नसेल तर मूळ मापाचा नवा, ताजा टायर हाच सगळ्यात मोठा बदल तुला जाणवेल.

कंपनी कुठली, हे सगळे पहिलं विचारतात, मी ते तिसऱ्या नंबरला ठेवतो. माप पहिलं, तारीख दुसरी, मग कंपनी. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन, यातला कुठलाही नावाजलेला टायर तुझ्या वापराला पुरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रबर मऊ की टणक. मऊ रबर ओल्यात छान चिकटतं आणि लवकर झिजतं. माझ्याकडच्या रोज चालणाऱ्या गाड्यांवर मागचा मऊ टायर पंधरा हजारांच्या आसपास संपतो, टणक पंचवीसच्या पुढे जातो. एमआयडीसीची रोजची ये-जा आणि अधूनमधून घाट, तुला मागे मधला मार्ग पुरे. पुढे मात्र मऊ घ्यायला मी सांगेन. पुढचा तसाही झिजून जात नाही, कडक होऊन जातो, मग मऊ घेण्यात तुझं नुकसान काय?

बटन टायरचं, म्हणजे ते मोठ्या गट्टूंच्या नक्षीवाल्याचं, खूळ डोक्यात असेल तर काढून टाक. मातीत, शेताच्या वाटेवर ते राजा. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर गट्टू कमी म्हणजे टेकणारं रबर कमी. तुझा नव्वद टक्के रस्ता डांबर आणि सिमेंट आहे. रेडियल, म्हणजे आतले धागे आडवे असलेल्या, टायरचा आग्रहही या गाडीला धरू नकोस. आणि एक रेडियल, एक साधा असं तर करूच नकोस, दोघांची चाल वेगळी असते.

बसवताना समोर उभा राहा. लाजायचं नाही, चहा घेत उभं राहायचं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसलेल्या गाड्या मी महिन्याला एखादी तरी बघतो. पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्वजवळ यायला हवा, तिथे टायर सर्वांत हलका असतो. ट्यूबलेस आहे, तर वॉल्व नवीनच टाकायला सांग, पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट आहे आणि जुना वॉल्व मुळाशी चिरला तर हवा एकदम जाते. रिमच्या कडेचा गंज आणि जुनं सुकलेलं रबर घासून काढायला सांग, हळूहळू हवा उतरण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं. टायरमध्ये हिरवं पंक्चररोधक पाणी ओतायला कुणी सुचवलं तर नको म्हण. ते तळाला साठतं, चाकाचा तोल बिघडवतं आणि पुढच्या वेळी टायर काढणाऱ्याच्या शिव्या खातं. नायट्रोजनचे जास्तीचे पैसे देऊ नकोस, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

नव्या टायरवर पहिले दीडशेक किलोमीटर सांभाळून. वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला जाईपर्यंत ग्रिप येत नाही. दुकानातून निघून थेट ताम्हिणी गाठणारे महाभाग असतात, त्यातला होऊ नकोस.

हवेबद्दल बोलायलाच हवं, कारण फुकटात मिळणारं हे एकच अपग्रेड आहे. तुझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि बायको मागे असताना ३२ पीएसआय. सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. चाकणहून येऊन तापलेल्या टायरची मोजलीस तर तीन-चार जास्तच दाखवेल आणि तू उगाच सोडशील. पंपावरचे मीटर एकमेकांशी कधीच जुळत नाहीत, त्यामुळे तीनशे-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घे. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते असं कुणीतरी सांगेल. हवा कमी झाली की टायर मधून दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकायचं कामच बंद पडतं. खड्ड्यात रिम वाकते ती वेगळी.

आणि काही जागा अशा की तिथे कुठलाच टायर तुझा नाही. जूनचा पहिला अर्धा तास, जेव्हा वर्षभराचं तेल आणि धूळ वर तरंगते. घाटातल्या वळणावर ट्रकमधून सांडलेल्या डिझेलची इंद्रधनुषी साय. उड्डाणपुलाच्या लोखंडी पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. तिथे गाडी न झुकवता सरळ चालवायची, हँडल सरळ, ब्रेकला हात हलका. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी नुसता लावायचा, वजन पुढे आलं की मग दाबायचा. रिकाम्या मैदानात दहा वेळा करून बघ, एबीएस नसलेल्या गाडीवर हे हाताला बसायलाच हवं.

आता यादीतलं बाकीचं.

सायलेन्सर: आवाज वाढेल, दम वाढणार नाही. तुझी गाडी बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांतली, कार्बुरेटरवाली. एक्झॉस्ट मोकळा केला आणि जेटिंग, म्हणजे कार्बुरेटरमधून येणाऱ्या पेट्रोलचं माप, तसंच ठेवलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. आणि पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात, ते फोटो तूही पाहिले असशील. एअर फिल्टर: मूळचा वेळेवर बदल, पुरे. चाकणच्या धुळीत उघडा फिल्टर लावणं म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावणं. जाड हँडल: मनगटं दुखत नसतील तर सोड.

एलईडीचं मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यामागची अडचण खरी आहे. ताम्हिणीत रात्री, धुक्यात, ३५ वॅटचा दिवा कमी पडतो. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडीचा बल्ब घातला की प्रकाश वाटेल तिथे फेकला जातो. तुला समोर पांढरं शुभ्र दिसतं आणि दूरचं काहीच दिसत नाही, समोरच्याचे डोळे मात्र जातात. आधी काच बघ. आठ वर्षांत ती पिवळट, धुरकट होते आणि आतला परावर्तक काळवंडतो. नवीन हेडलाइट असेंब्ली आणि चांगल्या कंपनीचा मूळ वॅटचा बल्ब टाक, होल्डर आणि अर्थिंग साफ कर, दिव्याची उंची भिंतीसमोर बसवून घे. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. साध्या वायरिंगवर ६० वॅटचा बल्ब घालणाऱ्यांचे वितळलेले होल्डर माझ्याकडे डबाभर पडलेत.

ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस तेच मला सांगायचंय. पुढच्या फोर्कमधलं तेल. ५२ हजारांत ते एकदाही बदललं नसणार, पैज लाव. बहुतेकांना तिथे तेल असतं हेच माहीत नसतं. काढलं की काळं, कुजक्या वासाचं पाणी निघतं. नवीन तेल आणि सील टाकल्यावर लोक गॅरेजच्या गल्लीतून एक फेरी मारून येतात आणि विचारतात, ‘काका, पुढचं काय बदललं?’ खड्ड्यावरून उसळणारं चाक हवेत असताना टायरची ग्रिप शून्य असते, म्हणून हे कामसुद्धा मी टायरच्याच खात्यात धरतो. तसंच ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाट उतरताना तापलं की लिव्हर स्पंजासारखं लागतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुझं मूळचंच असेल. मागच्या ड्रमचे लायनर बघ, आणि ड्रम घासून आत कडा पडली असेल तर नुसते लायनर बदलून उपयोग नाही.

बाजारभाव सारखे हलतात, पण माझ्याकडच्या दरानं मोघम हिशेब लावून देतो. पुढचा टायर अठराशे, मागचा अडीच हजार, वॉल्व आणि बॅलन्सिंगचे चारशे. कोनसेट, फोर्कचं तेल आणि सील मजुरीसह दीड हजार. पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल हजाराच्या आत. चेनसेट जर मूळचाच असेल तर दोन हजार धर. हेडलाइटचे हजार-बाराशे. ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि हातात मावणारा हवेचा पंप दीड-दोन हजार. ताम्हिणीत मोबाइलला रेंज नसते, तिथे या पंपाची किंमत कळते. एवढं सगळं बारा-साडेबारा हजारांत बसतं.

उरलेल्या अडीच हजारांत बायकोला आयएसआयचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घे. तू पाठवलेल्या फोटोत तिच्या डोक्यावर अर्धी टोपी दिसतेय. आणि तो साडीगार्ड तू काढून ठेवलायस, तो परत लाव. चाकाला जाड दिसायला जागा मिळावी म्हणूनच काढला असशील, मला माहीत आहे.

कोनसेट तपासून ठोका लागतो की नाही तेवढं आधी कळव. टायरची ऑर्डर त्यानंतर दे.